पालथ्या दिवसांतलं पुस्तक

नौतपा लागला की आमच्या झाशीत माणसं एकमेकांशी कमी बोलतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस इथे आग पडते. दतिया गेटच्या बाजारात दुकानदार भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढून आत आडवे होतात. रिक्षावाले डोक्यावर ओला गमछा टाकून कुठल्या तरी भिंतीला टेकतात आणि सावली सरकेल तसे सरकत राहतात. लू सुटते, म्हणजे तो कोरडा, भाजून काढणारा वारा, आणि कितीही कड्या लावल्या तरी तिच्यासोबत धूळ घरात येते. मी अमरावतीची. उन्हाचं मला नवल नव्हतं. पण इथलं ऊन माणसाला गप्प बसवतं, हे मी लग्न होऊन आल्यावर शिकले.

यंदाही नौतपा लागला. काल जुईच्या बाबांनी कूलरच्या जुन्या ताट्या काढून नव्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, बसवल्या आणि पाणी सोडलं. ओल्या खसचा पहिला झोत खोलीत आला. या वासाने लोकांचा जीव थंड होतो म्हणतात. माझा हात मात्र आपोआप फोनकडे जातो. जुई, आमची एकुलती एक मुलगी, आता भोपाळला शिकते.

"डोळा कसा आहे?" मी विचारते.

"आई, सकाळीच तर विचारलंस. दोन्ही आहेत जागेवर."

ती हसते, मीही हसते. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ तशीच उभी राहते. कूलर घरघरत असतो आणि मी पुन्हा त्या उन्हाळ्यात गेलेली असते.

जुईची बारावीची परीक्षा तेव्हा नुकतीच संपली होती. निकाल यायचा होता. पण तिला निकालाची नव्हे, एका पुस्तकाची वाट होती. चिनी पुराणकथांवर रचलेली एक जादूची कादंबरी होती, इंग्रजीत. तिचा पहिला भाग जुईने दहावीत वाचला होता आणि मग इतक्या वेळा परत वाचला की त्याची पाठ सुटून पानं हातात यायला लागली. त्या गोष्टीत शुए नावाची एक मुलगी होती. पिवळ्या कागदाच्या पट्टीवर शेंदरी शाईने ती एखादं अक्षर काढायची, आणि अक्षर बिनचूक उतरलं तर ते खरं व्हायचं. पाऊस लिहिला तर पाऊस, दार लिहिलं तर दार. शुएच्या लहान भावाची सावली कुणी तरी चोरून मृतांच्या नगरात नेली होती आणि सावलीवाचून तो पोरगा दिवसेंदिवस विरत चालला होता. पहिल्या भागाच्या शेवटी शुए मृतांच्या नदीवरच्या पुलावर पाऊल ठेवते, आणि तिथेच पुस्तक संपतं. पुढचा भाग यायला दोन वर्षं लागली. जेवताना, वेणी घालताना, बाबांच्या स्कूटरवर मागे बसून कोचिंगला जाताना, जुईच्या डोक्यात शुए त्या पुलावर उभीच होती.

पार्सल आलं तेव्हा तिने कात्रीचीही वाट पाहिली नाही. दातांनी चिकटपट्टी तोडली. जाडजूड पुस्तक, निळं मुखपृष्ठ, त्यावर सोनेरी ढग. ती खिडकीजवळ मांडी घालून बसली आणि मी पन्हं करायला आत गेले. पेला घेऊन परत आले तर ती पुस्तक डोळ्यांसमोर धरून हळूहळू डावीउजवीकडे हलवत होती.

"काय करतेस?"

"आई, या पानावर काही तरी आहे. कोपऱ्यात. काळं."

मी पान बघितलं. काही नव्हतं.

"पानावर नाही," ती म्हणाली आणि थांबली. मग चष्मा काढून उजवा डोळा चोळला. "पडद्यासारखं आहे. खालून वर येतंय. सकाळपासून चमकत पण होतं थोडं, मला वाटलं धूप की वजह से."

जुईच्या चष्म्याचा नंबर लहानपणापासून मोठा. तिच्या काचा मी रोज पुसायची. त्या हातात घेतल्या की वजन जाणवायचं. मी हाताने तिचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, "आता मी दिसते?"

"वरची अर्धी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ग्वाल्हेरला होतो. तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान होत्या आणि बोलताना आधी जुईकडे बघत, मग आमच्याकडे. मला ते आवडलं. "परदा खिसक गया है बेटा," त्या म्हणाल्या. "आज ही ऑपरेशन करेंगे." जुईने विचारलं, "ठीक हो जाएगा ना?" बाईंनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. "परदा हम वापस चिपका देंगे. बीच का हिस्सा भी उठ गया है, उसी से हम पढ़ते हैं. वो कितना लौटेगा, अभी नहीं कह सकती."

एवढं वाक्य मी तिथून घरी घेऊन आले. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना ते माझ्या कानात चालू असायचं. कितना लौटेगा, अभी नहीं कह सकती.

ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला होता. तो बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरणार आणि पडदा चिकटणार. पण बुडबुडा वरच्या दिशेला जातो, म्हणून तो नेमका डोळ्याच्या मागच्या भागावर दाबला जावा यासाठी पेशंटने पालथं राहायचं. झोपायचं पालथं, बसायचं तर मान खाली घालून, चालायचं तर पायाकडे बघत. वाचायचं नाही, टीव्ही नाही, मोबाईल नाही. विमानात बसायचं नाही, उंच डोंगरावर जायचं नाही, तिथे बुडबुडा फुगतो. हे शेवटचं ऐकून जुई पट्टीखालून म्हणाली, "चला, शुएची वाट तर पहाडावरूनच जाते. बरं झालं मी नाही गेले." डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. जुईचे बाबा मात्र हसले आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात आहेत, डबे दुरुस्त होतात तिथे. घरी आल्यावर त्यांनी कपडेही न बदलता दिवाणाशी खटपट सुरू केली. डोक्याकडची गादी कापून काढली, तिथे जुन्या रजईची गोल चुंबळ शिवायला मला सांगितलं, खालची फळी काढली. जुई पालथी झोपली की कपाळ आणि हनुवटी त्या चुंबळीवर टेकायची आणि चेहरा मोकळा राहायचा, खाली फरशीकडे बघत. चष्मा घालता येत नव्हता, त्यामुळे फरशी म्हणजे तिला नुसता एक करडा डाग. पन्हं, ताक, डाळीचं पाणी, सगळं स्ट्रॉने.

पहिला दिवस तिने कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दिवाणाखालून म्हणाली, "आई, पुस्तक वाच ना."

मी शाळेत गणित शिकवते. मराठी माध्यमात शिकले. इंग्रजी वाचते ते परिपत्रकांपुरतं आणि औषधाच्या खोक्यांपुरतं. पण मी दिवाणाच्या बाजूला फरशीवर चटई टाकली, पाठीशी लोड घेतला आणि ते निळं पुस्तक उघडलं.

पहिल्याच ओळीत अडखळले. "झ्यू... एक्स्यू..."

"शुए," फरशीकडून आवाज आला. "एक्स आला की श म्हणायचं."

"मग सरळ श का नाही लिहीत?"

"आई, चीनवालों से पूछ ना. तू वाच."

असं आमचं वाचन सुरू झालं. पुलापलीकडे शुएला एक म्हातारं कासव भेटलं. त्याच्या पाठीवर मृतांच्या नगराचा जुना नकाशा कोरलेला होता आणि ते अखंड बडबडायचं. आपल्याकडच्या कूर्मावताराची आठवण येऊन मला ते एकदम घरचं वाटायला लागलं. त्याची वाक्यं मी आवाज काढून वाचायला लागले. जुईच्या पाठीवरून मला ती हसतेय हे कळायचं, खांदे हलायचे. मी घाबरून म्हणायची, "हसू नकोस, डोळ्याला धक्का लागेल." मग ती हसणं दाबायची आणि खांदे आणखीच हलायचे.

शेजारच्या गुड्डन चाची दुपारी यायच्या. बरुआसागर हे त्यांचं माहेर, तिथलं आलं त्या आम्हाला वर्षभर पुरवायच्या. दारातूनच हाक, "काय बिन्नू, का हो रओ?" म्हणजे बाळे, काय चाललंय. मग माझ्याकडे वळून, "मोड़ी ठीक हो जैहै, चिंता न करो." पोरगी बरी होईल म्हणून. हे त्या रोज सांगायच्या, आणि मी रोज ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायची. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी दोन पानं वाचून झाली की गोष्ट हिंदीत सांगायची.

मृतांच्या नगरात शिरण्याआधी पुलाच्या टोकाला एक बाई बसलेली असते. ती येणाऱ्या प्रत्येकाला वाटीभर सूप देते. ते प्यायलं की मागच्या जन्मातलं सगळं विसरायला होतं. मी हे सांगितलं तेव्हा चाचींनी पंख्याचा हात थांबवला. त्यांचे यजमान त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले होते, सकाळी दूध आणायला बाहेर पडले आणि वाटेतच.

"हमें सोई दै दो एक कटोरी," चाची म्हणाल्या. मलाही द्या एक वाटी.

कूलरमधून पाणी टपकत होतं. मग चाचींनीच मान हलवली. "नईं, रहन दो. हम भूल गए तो उनें को याद करहै?" मी विसरले तर त्यांची आठवण कोण काढणार.

त्या उठून गेल्या. मग जुई म्हणाली, "आई, शुएने नाही ना प्यायलं?"

"नाही," मी सांगितलं. "तिने वाटी हातात घेतली आणि नदीत ओतली."

आता, इतक्या वर्षांनी, दुपारी चाची येऊन बसल्या की आम्ही गोष्टी सांगत नाही. आम्ही शांतपणे शेंगा सोलतो. पण लू खिडकीवर आपटली की त्या अजूनही मधूनच विचारतात, "बा मोड़ी की का खबर?" त्या पोरीची काय खबर. मी सांगते, बरी आहे. आणि सांगताना बरी हा शब्द जिभेवर जरा अडकतो. डावा डोळाही तसाच पातळ पडद्याचा आहे, त्यालाही तेव्हा लेसरने टाके घातलेत. काळजी माझ्या घरात अशीच राहते, भांड्यांच्या मागे, कपाटाच्या वर. रोज दिसत नाही. पण मला तिची जागा माहीत आहे.

त्या दिवसांत वीज फार जायची. कूलर बंद पडला की आधी पंख्याचं पातं मंदावल्याचं दिसायचं, मग शांतता, मग पाठीवरून घामाची पहिली धार. जुईच्या पाठीवर मी ओला टॉवेल टाकायची. अशाच एका दुपारी पुस्तकात एक जुनी गोष्ट आली. फार पूर्वी आकाशात दहा सूर्य एकदम उगवले, शेतं करपली, नद्या आटल्या, तेव्हा एका धनुर्धराने नऊ सूर्य पाडले आणि एक ठेवला. जुई खालून ओरडली, "नऊ! आई, नौतपा! ते नऊ इकडे पडले, झाशीत!" चाची खदखदून हसल्या. मला हसू आलं नाही. माझं लक्ष तिच्या मानेकडे होतं. ओरडताना मान वर आली होती का, किती आली होती, बुडबुडा हलला असेल का.

मी तशी देवभोळी नाही. पण त्या दिवसांत मी मनातल्या मनात पैजा लावायला लागले. शुएने पहिल्या दाराचं कोडं सोडवलं तर डोळा वाचेल. कासव नदी पार करून पोचलं तर दृष्टी परत येईल. मी स्वतःलाच दटावायची की बाई गं, तू गणित शिकवतेस. तरी पान उलटताना पुढची पैज लागलेलीच असायची. पुढचं चोरून वाचायचं नाही हे मात्र मी पाळलं. चोरून वाचलेलं पैजेत धरलं जाणार नाही, असं काही तरी माझ्या मनाने ठरवून टाकलं होतं.

जुईला वेगळीच भीती होती. "कासव मरणार," ती रोज म्हणायची. "दुसऱ्या भागात कोणी तरी मरतंच. मला माहीत आहे यार."

आणि एका सकाळी ते मेलं. शुएचा पाठलाग करणाऱ्या सावल्यांच्या फौजेला अडवायला कासवाने स्वतःला नगराच्या वेशीत आडवं टाकलं आणि त्याचा दगड झाला. मी ते वाचलं, कासवाचा आवाज न काढता, सरळ. वाचून झाल्यावर पुढे जायचं सुचेना. दिवाणाखाली काही हालचाल नव्हती. मग मला फरशीवर एक थेंब दिसला. शेजारी दुसरा. पालथ्या माणसाचे अश्रू गालांवरून ओघळत नाहीत, ते सरळ खाली पडतात. पट्टीमुळे एकाच डोळ्याचे पडत होते.

"जुई, रडायचं नाही, बाळा. डोळा..."

"मला माहीत आहे डोळा!" ती एकदम ओरडली. "सारखं डोळा, डोळा! मला कासवासाठी रडू दे ना!"

मी पुस्तक मिटलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. ती खूप रडली. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच रडत होती. नुसतं कासवासाठी नव्हतं ते, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी हात तसाच ठेवला. काही वेळाने फरशी पुसली.

निकाल त्याच दिवसांत आला. बाबांनी फोनवर बघून सांगितला, चांगला होता. अमरावतीहून, नागपूरहून फोन आले. सगळ्यांनी आधी अभिनंदन केलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि डोळा?" जुईने मार्क ऐकले, "अच्छा," म्हणाली, आणि मला विचारलं, "किती पानं राहिली?"

फार राहिली नव्हती. शुए नगराच्या मध्यभागी पोचली होती. तिच्या भावाची सावली एका काळ्या आरशात कोंडलेली तिला सापडली होती. तिच्याकडे एकच पिवळी पट्टी उरली होती आणि शाईचा एक थेंब. एक अक्षर लिहिता येणार होतं, एकच. काय लिहावं या विचारात ती कुंचला उचलते, आणि प्रकरण संपतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं, शेवटचं प्रकरण उघडलं.

"थांब," जुई म्हणाली.

"का? दमलीस?"

"नाही. हे मी वाचणार."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मी. माझ्या डोळ्यांनी. पट्टी निघाल्यावर." तिचा आवाज फरशीवर आपटून वर येत होता. "तोपर्यंत तू पण नाही वाचायचं. बाबांनी पण नाही. प्रॉमिस कर."

"अगं, पण जर..." मी म्हटलं आणि ओठ घट्ट मिटले.

"जर काय?"

बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली. मी तिच्या मानेवरच्या घामोळ्यांकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हटलं. "प्रॉमिस."

पुस्तक मी कपाटात, साड्यांच्या वर ठेवलं. वाचन थांबलं आणि दुपारी अंगावर यायला लागल्या. आधी भीती पानापानांत वाटली जायची, आता ती सगळी त्या एका न वाचलेल्या प्रकरणात जाऊन बसली. साडी काढताना निळ्या मुखपृष्ठाला हात लागला तरी मी दचकायची. मनात यायचं, तिला नाहीच वाचता आलं तर? मग हे पुस्तक मी कुठे ठेवू? कुणाला देऊन टाकू? तिच्या समोरून कसं नेऊ?

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. जुईचे बाबा स्वयंपाकघरात आले, माठातलं पाणी प्यायले, गेले नाहीत. पेला उगाच विसळत राहिले.

"काय हो?"

"तो पोरगा सुटतो का गं शेवटी?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण पोरगा?"

"तोच, शुएचा भाऊ."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वाचन चालू असताना हे बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलेले असायचे, किंवा कूलरचं पाणी बघायच्या निमित्ताने आत-बाहेर करायचे. सगळं ऐकत होते तर.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "प्रॉमिस केलंय."

"हां, हां. केलंय तर नको." ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "पण सुटायला पाहिजे," म्हणाले. मी मेथीच्या काड्यांकडे बघितलं, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून.

तपासणीला पुन्हा ग्वाल्हेर. गाडीत जुई मान खाली घालून, कपाळ पुढच्या सीटला टेकवून बसली होती. "दतिया आलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, आलं, महाल दिसतोय. "कसा दिसतोय?" उन्हात पांढरट, मी सांगितलं, आणि वर घारी फिरताहेत. ती "हं" म्हणाली. तिच्या वाटचं बघायची मला सवय लागून गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी दिवा डोळ्यात टाकून बराच वेळ बघितलं. वर बघ, खाली बघ, इकडे, तिकडे. माझ्या साडीच्या पदराचं टोक मी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. शेवटी त्या मागे टेकल्या. "परदा चिपक गया है," त्या म्हणाल्या. "अब सीधे बैठ सकती हो." जुईने मान वर केली. इतक्या दिवसांनी मी तिचा चेहरा समोरून बघितला. कपाळावर चुंबळीचा वळ उठला होता. पट्टी काढलेला डोळा लाल होता.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "सगळं पाण्याखाली आहे. तू हलतेयस."

तो बुडबुडा होता. बाईंनी समजावलं, तो हळूहळू विरेल. मग खरी नजर कळेल.

पुढे पाऊस आला, आमच्या गल्लीत चिखल झाला, कोथिंबिरीच्या जुड्या महाग झाल्या, आणि जुईच्या डोळ्यातली पाण्याची रेषा दिवसेंदिवस खाली उतरत गेली. ती आम्हाला सांगायची, आज नाकापर्यंत, आज हनुवटीपर्यंत. मग नुसता एक गोळा उरला, मग वाटाण्याएवढा, आणि एका सकाळी ती दात घासता घासता बाहेर आली आणि म्हणाली, "गेला."

कितपत दिसतं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नवा चष्मा आला तेव्हा तिने तो घालून खिडकीच्या गजांकडे बघितलं आणि मान वाकडी केली. "आई, गज सरळ आहेत ना?" मी म्हटलं, सरळ आहेत. "मला उजव्याने वाकलेले दिसतात. मध्ये कमरेत वाकल्यासारखे." मी हातातली वाटी खाली ठेवली. तिने माझा चेहरा बघितला असावा. "पण दिसतात," ती घाईघाईने म्हणाली. "आई, दिसतात."

त्या दिवशी दुपारी तिने स्वतःच कपाट उघडून पुस्तक काढलं. मला वाटलं ती आतल्या खोलीत जाईल, दार लावून घेईल. तिने जेवणाच्या टेबलावर दोन उश्या रचल्या, त्यांवर पुस्तक उभं केलं आणि हाक मारली, "आई, बाबा, या. मी वाचून दाखवते."

बाबांना रविवारची सुट्टी होती. ते आले आणि बसले नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी तिच्या शेजारची खुर्ची घेतली.

तिने सुरुवात केली. भराभर वाचणारी माझी मुलगी एकेक शब्द चाचपत वाचत होती. मध्येच एखादा शब्द चुकायची, परत मागे जायची. दोन पानं झाली की चष्मा काढून डोळे मिटून बसायची. मी म्हणायची, "पुरे आज," आणि ती मिटल्या डोळ्यांनी मान हलवायची. बाबांनी एकदा पाणी आणून दिलं. कुणीही घाई केली नाही.

शेवटचं पान आलं. जुई थांबली. मग तिने डावा हात उचलला आणि तळव्याने डावा डोळा, चांगला डोळा, झाकून टाकला.

"जुई..."

"श्श, आई."

आणि ती वाचायला लागली. आवाज आणखी हळू झाला, पण तुटला नाही. बाहेर कुठे तरी पावसाचं पाणी पत्र्यावरून पडत होतं. मी तिच्या उजव्या डोळ्याकडे बघत होते, त्या जाड काचेमागे. तो ओळीच्या डाव्या टोकाला जायचा, अक्षरांवरून पायरी पायरी सरकत उजव्या टोकाला पोचायचा, तिथे क्षणभर अडायचा, आणि मग परत फिरून खालच्या ओळीवर उतरायचा. बरोबर खालच्याच ओळीवर. एकदाही चुकला नाही.

तिने पान संपवलं आणि हात खाली घेतला. दारात बाबांनी मोठा श्वास सोडला आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

"आवडला ना शेवट?" जुईने मला विचारलं. तिचे दोन्ही डोळे चमकत होते.

"हो," मी म्हटलं. "खूप."

"मग सांग, शुएने काय लिहिलं त्या पट्टीवर?"

मी पुस्तकाच्या पानाकडे डोकावले. माझ्या मुलीने मोठ्याने वाचलेल्या त्या शेवटच्या पानातला एकही शब्द माझ्या कानात शिरला नव्हता.

"आई! तू ऐकतच नव्हतीस!"

मी मान हलवली. रडू येत होतं आणि हसूही, त्यामुळे दुसरं काही करता येत नव्हतं. जुई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पान मागे उलटलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.